रेन्सेलेर घराण्याचे दप्तर : एक परीक्षण

घराण्यातील जुने कागद कोण जपतो, असा प्रश्न केला असता पूर्वजांविषयी आदर बाळगणारा वंशज जपतो, असे उत्तर बहुधा मिळते. दप्तरे चाळणारास मात्र निराळा अनुभव येतो. कागद जपला जातो तो त्यावर जमीन टिकून असते म्हणून. आदराची भावना मागाहून, जमीन गेल्यावर, उत्पन्न होते. ह्या विधानाची परीक्षा करण्यास अमेरिकेतील न्यूयॉर्क प्रांताच्या व्हान रेन्सेलेर घराण्याच्या कागदांइतके सोयीचे साधन क्वचितच सापडेल. ह्या कागदांचे प्रमुख संपादक व भाषांतरकार व्हान लार यांनी १९०८, १९३२ व १९३५ साली प्रसिद्ध केलेले तीन संग्रह आपल्याकडील संशोधकांच्या फारसे पाहण्यात नाहीत. म्हणून त्यांचे गुणदोष येथे मांडीत आहो.

प्रथम घराण्याची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. किलियान व्हान रेन्सेलेर हा ॲम्स्टरडॅमचा जवाहिऱ्या व डच वेस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक. कंपनीने १६२९ साली जी सवलतीची सनद काढली, तिच्या अटींप्रमाणे चार वर्षांत पंधरा वर्षांवरील ५० माणसे वसविणाऱ्यास नदीकाठचा विस्तीर्ण मुलूख वंशपरंपरा मिळावयाचा होता. जमीन मात्र तेथील मूळ रहिवाशांकडून विकत घ्यावयाची होती. अशा वसाहतीच्या धन्यास 'पात्रून' म्हणत. किलियानने १६३० साली हस्तकांमार्फत माहिकन लोकांकडून हडसन नदीच्या काठची जमीन खरेदी केली आणि रेन्सेलर्सवाइक ही वसाहत स्थापिली. हल्लीचे ऑल्बनी शहर ह्याच टापूत आहे. अशा अनेक वसाहती योजिल्या गेल्या. खरोखर टिकून भरभराटली ती हीच.

१९०८ च्या संग्रहात ह्या किलियानची १६३० ते १६४३ पर्यंतची पत्रे आहेत. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, ह्या गृहस्थाने अमेरिकेच्या भूमीवर कधी पाऊलही ठेविले नाही. गाई किती ठेवाव्यात, गहू कोठे पेरावा, कोणत्या नोकरास कोणता अधिकार द्यावा, हे सर्व त्याने ॲम्स्टरडॅमला बसून पत्रांनी ठरविले. आपला नातलग आरेंट व्हान कुर्लर वेळेवर हिशेब पाठवीत नाही म्हणून तो त्यास खडसावतो. १६४१ साली धाडलेला अधिकारी आड्रियान व्हान डर डोंक मर्यादा सोडून वागतो म्हणून त्यासही बोल लावतो. पत्र जाण्यास व उत्तर येण्यास महिनेच्या महिने लागत. तेव्हा ह्या पत्रांत जी हुकमी भाषा दिसते, तीवरून धन्याचा अंमल कडक होता असे अनुमान काढणे चुकीचे होईल. उलट, तोच तोच हुकूम पुनःपुन्हा करावा लागतो ह्याचा अर्थ तो पाळला जात नव्हता, असाच घेतला पाहिजे. आपल्याकडील ताकीदपत्रे वाचतानाही हा नियम उपयोगी पडतो.

१९३२ च्या संग्रहात किलियानचा पुत्र येरेमियास याची १६५१ ते १६७४ ची पत्रे आहेत. १६६४ साली इंग्रजांनी डचांपासून हा प्रांत घेतला, आणि येथेच आमच्या मते सबंध दप्तराची गुरुकिल्ली आहे. राज्य बदलताच जुन्या सनदा संशयास्पद ठरल्या. डच कंपनीने दिलेले पत्र इंग्रज राजाचे अधिकारी मानतील कशावरून? नवी इंग्रजी सनद पदरात पडण्यास १६८५ साल उजाडले आणि तिचे दृढीकरण १७०४ साली झाले. मधल्या एकवीस वर्षांत घराण्याच्या हक्कास आधार असा जुन्या डच कागदांचाच होता. ज्यांचा एरवी केरात जाण्याचा योग होता, ते कागद पेटीत गेले ते ह्या कारणाने.

तिसरा, १९३५ चा संग्रह येरेमियासची पत्नी मरिया हिच्या पत्रांचा असून तिन्हींत तोच श्रेष्ठ होय. येरेमियास १६७४ साली वारला, तेव्हा मरिया २९ वर्षांची होती. पदरी मुले होती, व पायाच्या दुखण्याने ती कुबड्यांवाचून चालू शकत नव्हती. वसाहतीचा कारभार पुढे वर्षानुवर्षे मुख्यतः हिनेच सांभाळला. तथापि संचालकाची पदवी तिला मिळाली नाही. ती दीर निकोलास यास मिळाली. तो १६७८ साली मरण पावला आणि त्याच्या विधवेशी रॉबर्ट लिव्हिंग्स्टन नामक धोरणी गृहस्थाने १६७९ साली विवाह करून वसाहतीच्या वाट्यावर हक्क सांगितला. हा लिव्हिंग्स्टन ऑल्बनीच्या कचेरीत चिटणीस होता, म्हणजे ज्याच्याशी वाद त्याच्याच हाती सरकारी दप्तर! हॉलंडातील दीर रिकार्ड यास मरियाने लिहिलेल्या पत्रांत कर्ज, शेतांचे उत्पन्न, लिव्हिंग्स्टनचे दावे व स्वतःची व्याधी ही एकामागून एक येतात. १६८५ च्या सनदेत ह्या बाईच्या कष्टांचा मागमूसही नाही. सनद एवढेच सांगते की जमीन अमक्याची. ती अमक्याची कशी राहिली हे पत्रे सांगतात.

आता संपादनाचा विचार करू. व्हान लार यांचा व्यासंग वादातीत आहे. ते जन्माने डच असल्यामुळे सतराव्या शतकाची लिपी व भाषा या दोहोंवर त्यांचे प्रभुत्व होते. १९०८ च्या ग्रंथाच्या शेवटी १६३० ते १६५८ पर्यंत वसाहतीत आलेल्या माणसांची जी यादी त्यांनी जोडली आहे, ती तर सबंध ग्रंथाचे मोल वाढविणारी आहे. कोण कोणत्या गलबताने आला, काय काम करी, वेतन काय घेई, हे तीत आढळते. ही माहिती मुख्यत्वे हिशेबाच्या वह्यांतून निघाली, मोठ्या मुद्रेच्या सनदांतून नव्हे, हे आमच्या संग्राहक मित्रांनी ध्यानी घ्यावे.

परंतु दोन दोष दाखविल्यावाचून राहवत नाही. पहिला, संग्रहांत इंग्रजी भाषांतर आहे, डच मूळ पाठ नाही. खाजगी पत्रांच्या बाबतीत हे एक वेळ चालेल; पट्टे, करारनामे व न्यायाचे कागद यांत चालणार नाही. आपल्याकडील 'मिरासदार' व 'उपरी' ह्या दोन्ही शब्दांस एकच इंग्रजी शब्द योजिला तर शेतकऱ्याच्या हक्काचा सारा इतिहास पुसला जातो. डच पट्ट्यांचीही तीच गत होणार. १९११ च्या मार्चमध्ये ऑल्बनी येथील राज्यग्रंथालयास आग लागून सुमारे ४,५०,००० ग्रंथ व २,७०,००० हस्तलिखिते जळाली. डच अमदानीचे सरकारी कागद बरेचसे बचावले, ते कमी महत्त्वाचे म्हणून खालच्या फळ्यांवर ठेविले होते म्हणून. ज्यांस मान होता ते इंग्रजी कागद वर जळाले व त्यांच्या ढिगाने खालच्यांचे रक्षण केले! मूळ पाठ छापण्याची निकड ह्याहून स्पष्ट कशाने व्हावी?

दुसरा दोष अधिक खोल आहे. हे संग्रह व्यक्तिवार पाडले आहेत : बापाची पत्रे एका ग्रंथात, मुलाची दुसऱ्यात, सुनेची तिसऱ्यात, वसाहतीच्या न्यायसभेची १६४८ ते १६५२ ची टिपणे १९२२ साली निराळी निघाली. त्यामुळे एकाच जमिनीविषयीचे पत्र, पट्टा, पावती व तंटा जुळवून पाहण्याचे काम वाचकाच्या गळ्यात पडते. त्यातून हे दप्तर एका पक्षाचे आहे. १६३० च्या खरेदीत माहिकन विक्रेत्यांची नावे आहेत, त्यांचे म्हणणे नाही. येरेमियासच्या पत्रांत आंद्रिएस नावाचा गुलाम येतो तो घोड्यांच्या निगराणीच्या संबंधात, म्हणजे धन्याच्या सोयीपुरता. कुळे येतात ती बाकीच्या निमित्ताने. जो दावा जिंकण्यासाठी कागद राखतो, तो प्रतिपक्षाचे कागद राखीत नाही.

ह्या एकतर्फीपणाचा झाडा पुढे दोनशे वर्षांनी झाला. घराण्याचा वंशज तिसरा स्टीफन १८३९ साली वारला, तेव्हा कुळांकडे सुमारे ४,००,००० डॉलर खंड तुंबला होता. कुळांनी गहू, चार पुष्ट कोंबड्या व गाडीबैलांसह एक दिवसाची वेठ द्यावी, आणि जमीन विकल्यास किमतीचा चौथा हिस्सा धन्यास भरावा, अशा जुन्या पट्ट्यांच्या अटी होत्या. वसुलीस आरंभ होताच कुळे बिथरली व 'तुमची मालकी सिद्ध करा' असे म्हणू लागली. १८४६ च्या राज्यघटनेने सरंजामी धारणपद्धती बंद केली. चौथ्या हिश्श्याची अट १८५२ साली न्यायालयाने बेकायदा ठरविली. परंतु घराण्याच्या मूळ मालकीस सरकारने दिलेले आव्हान १८५३ साली टिकले नाही. ज्या कागदांनी इंग्रज राजापुढे जमीन राखली, त्यांनीच लोकराज्यापुढेही ती राखली.

योगायोग असा की, त्याच सुमारास, १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन इनामदारांच्या सनदा मागवून पेशवे दप्तराशी ताडून पाहत होते. आपल्या घरोघरच्या दप्तरांस आज जो आकार आहे, तो काही अंशी त्या चौकशीने दिलेला आहे. सनद जपली गेली, कारण ती मागितली जाणार होती. कुळाची पावती व घरातील बाईचे पत्र यांस कोणी विचारले नाही, म्हणून ती रद्दीच्या गाठोड्यात गेली.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे की, दप्तर हाती येताच त्यातील मोहरेचे कागद वेचून उरलेले टाकू नयेत, आणि रुमाल ज्या क्रमाने बांधलेला असेल तो क्रम लिहून घेतल्यावाचून सोडू नये. व्हान लार यांच्या ग्रंथांचे ऋण मोठे आहे. तरी त्यांतील सर्वांत मोलाची दोन स्थळे म्हणजे हिशेबांतून काढलेली माणसांची यादी आणि पदवी नसलेल्या एका विधवेची पत्रे होत. घराण्यास आपल्या हक्कासाठी ह्या दोहोंची गरज सनदेइतकी कधीच भासली नसेल. इतिहासास ती सनदेहून अधिक आहे.