परक्यांच्या कानासाठीं

एखाद्या राष्ट्राची अभिरुचि पारखावयाची असेल तर त्यानें आपल्या घरांत काय जपलें आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. बाहेर जातांना तें अंगावर कोणता पोषाख घालतें हेंहि पाहावें लागतें. युरोपांत दरवर्षीं भरणाऱ्या ‘युरोव्हिजन’ गीतस्पर्धेकडे गंभीर टीकाकार सहसा ढुंकूनहि पाहत नाहींत. तेथील झगमगाट आणि गलबला लक्षांत घेतां ही उपेक्षा अगदींच निराधार आहे असें म्हणवत नाहीं. परंतु त्या स्पर्धेपूर्वीं प्रत्येक देशांत आपलें एक गीत निवडण्याचा जो खटाटोप चालतो, त्यांत टीकाशास्त्राचा एक फार जुना प्रश्न पुनः नव्यानें उभा राहतो. निवड कोणीं करावी? जाणत्यांनीं, बहुजनांनीं, कीं ज्यांना तें ऐकवावयाचें त्या परक्यांनीं? स्वीडन देशानें हे तिन्ही मार्ग चोखाळून पाहिले आहेत, म्हणून त्याचेंच उदाहरण येथें मुख्यत्वेंकरून घेतों.

ही स्पर्धा १९५६ सालीं स्वित्झर्लंडमधील लुगानो येथें सुरू झाली. युरोपांतील नभोवाणी-संस्थांच्या संघानें ती भरविली आणि पहिल्या वर्षीं तींत सातच देशांनीं भाग घेतला. १९५७ पासून कोणत्याहि देशास स्वतःच्या गीताला मत देतां येत नाहीं. हा नियम दिसावयास साधा आहे, पण पुढील साऱ्या नाटकाचें बीज त्यांतच आहे. आपलें गीत आपणांस कितीहि प्रिय असलें तरी त्याचा उपयोग नाहीं. तें शेजाऱ्याला आवडलें पाहिजे. त्यामुळें निवडणाऱ्यापुढें दोन प्रश्न येतात. ‘आम्हांस काय आवडतें?’ हा एक, आणि ‘त्यांना काय आवडेल?’ हा दुसरा. पहिल्याचें उत्तर ज्याचें त्याच्याजवळ असतें. दुसऱ्याचें उत्तर हा निव्वळ तर्क असतो. आणि तर्क करावयास बसलेला मनुष्य आपली आवड बाजूस ठेवूनच बसतो.

स्वीडननें हा तर्क फार लवकर लढविला. १९६५ सालीं नेपल्स येथें इंग्वार विक्सेल ह्या ऑपेरा-गायकानें स्वीडनचें गीत इंग्रजींत गाइलें. लागलीच १९६६ पासून प्रत्येक देशानें स्वतःच्याच भाषेंत गावें असा नियम झाला. १९७३ ते १९७६ हीं चार वर्षें तो सैल झाला, १९७७ पासून पुनः लागू झाला, आणि १९९९ सालीं पुनः उठला. स्वीडनची निवड समजून घ्यावयाची तर भाषेचा हा धागा हातांतून सुटूं देतां कामा नये.

१९७३ सालीं स्वीडनच्या राष्ट्रीय निवडस्पर्धेंत, म्हणजे ‘मेलोडिफेस्टिवालेन’मध्यें, निकाल जाणत्यांच्या एका मंडळाकडे होता. त्या मंडळानें ‘रिंग रिंग’ ह्या गीतास तिसरें स्थान दिलें. लोकांनीं मात्र तें उचलून धरलें. तज्ज्ञांवर टीका झाली, आणि पुढील वर्षीं त्यांच्या जागीं निरनिराळ्या प्रांतांतील परीक्षक आले. त्याच चौघा कलावंतांनीं ‘ॲबा’ ह्या नांवानें ‘वॉटर्लू’ गाइलें. तें निवडलें गेलें आणि १९७४ सालीं ब्रायटन येथें पहिलें आलें. पंडित चुकले आणि जनता बरोबर ठरली, असा बोध ह्या कथेंतून नेहमीं काढला जातो. आमच्या मतें तींत दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घरच्या स्पर्धेंत ‘वॉटर्लू’ स्वीडिश भाषेंत गाइलें गेलें होतें. ब्रायटनला तें इंग्रजींत गेलें. १९९९ सालीं हेंच अधिक ठळकपणें घडलें. शार्लट निल्सन हिनें घरीं जें गीत गाइलें त्याचें नांव ‘हजार आणि एक रात्री’ अशा अर्थाचें होतें. जेरुसलेम येथें त्याच चालीवर तिनें इंग्रजी शब्द गाइले, त्यांत प्रेयसी प्रियकराच्या स्वर्गास जाऊं पाहत होती, आणि त्यासच विजय मिळाला. चाल हेंच गीत, शब्द हें केव्हांहि बदलतां येणारें वस्त्र, ही समजूत त्या विजयानें दृढ केली.

त्यानंतर ह्या निवडीची यंत्रणा फार मोठी झाली. २००२ पासून प्राथमिक फेऱ्या निरनिराळ्या नगरांतून फिरूं लागल्या. २०१९ पासून भ्रमणध्वनीवरून मत देणाऱ्यांचे वयाप्रमाणें गट पाडले गेले. ३ ते ९ वर्षांच्या मुलांचा एक गट आणि ७५ वर्षांवरील वृद्धांचा एक. नातवाचें आणि आजोबांचें मत निराळें मोजणारी ही व्यवस्था कौतुकास्पद आहे. सबंध कुटुंब एकत्र बसून ज्यावर वाद घालतें अशी कलेची बाब आज किती उरली आहे? परंतु ह्या यंत्रणेंत सर्वांत विलक्षण बदल झाला तो २०११ सालीं. त्याच्या आदल्याच वर्षीं स्वीडनचें गीत युरोव्हिजनच्या अंतिम फेरीपर्यंतहि पोंचलें नव्हतें. २०११ पासून घरच्या अंतिम फेरींतील निम्मे गुण सर्वस्वीं परदेशी परीक्षकांच्या हातीं देण्यांत आले. परक्यांना काय आवडेल ह्याचा तर्क करण्यापेक्षां परक्यांनाच घरांत बोलावून विचारावें, अशी ही युक्ति होती.

तिचें फळ नाकारतां येणार नाहीं. २०१२ सालीं बाकू येथें लोरीन, २०१५ सालीं व्हिएन्ना येथें मॉन्स सेल्मर्लोव आणि २०२३ सालीं लिव्हरपूल येथें पुनः लोरीन ह्यांनीं स्वीडनला जय मिळवून दिला. देशाचे एकूण विजय सात झाले व त्यानें आयर्लंडची बरोबरी गांठली. हीं तिन्ही गीतें इंग्रजी होतीं. लोरीनच्या दोन्ही खेपेस परदेशी परीक्षक आणि घरची जनता ह्यांचें एकमतच होतें, म्हणून केवळ परक्यांनीं तीं गीतें लादलीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु ज्याचा कौल आधींच माहीत आहे अशा परीक्षकासमोर बसणारा रचनाकार त्या कौलास अनुसरून लिहूं लागतो, हा सर्व कलांचा अनुभव आहे. १९९८ नंतर दोन तपांहून अधिक काळ स्वीडनकडून स्वीडिश भाषेचें एकहि गीत त्या व्यासपीठावर गेलें नाहीं. ते जय मोजतांना हें मौनहि मोजलें पाहिजे.

तें मौन २०२५ सालीं सुटलें, आणि तेंहि अनपेक्षित बाजूनें. फिनलंडच्या पश्चिमेस वोरो म्हणून एक गांव आहे. फिनलंडमध्यें स्वीडिश बोलणारे लोक सुमारें ५ टक्के. त्यांतलेच तेथील तिघे तरुण आपल्या नांवांच्या आद्याक्षरांवरून स्वतःस ‘काय’ म्हणवितात. मराठी वाचकास हें नांव प्रश्नासारखें वाटेल, आणि स्वीडनपुढें त्यांनीं खरोखरच एक प्रश्न टाकला. त्यांचें गीत बाष्पस्नानावर, आणि तेंहि गांवच्या बोलींत. पुण्याच्या रंगभूमीवर कोणी मालवणी घेऊन यावें तसें. समोर सेल्मर्लोव ह्यांच्यासारखा एकदां जग जिंकून आलेला गायक इंग्रजी गीत घेऊन उभा होता. परदेशी परीक्षकांनीं त्यांसच सर्वाधिक गुण दिले. जनतेनें मात्र ‘काय’ला इतकीं मतें दिलीं कीं एकूण बेरजेंत तेच वर आले. बासेल येथें त्यांना चौथें स्थान मिळालें. त्या गीतांत थट्टा आहे, नाचावयास लावणारा ठेका आहे. काव्य म्हणून तें थोर आहे असा आमचा दावा नाहीं. पण परक्या कानाचा सल्ला डावलून एका देशानें आपल्या घरची, किंबहुना घराच्या परसांतली बोली पुढें केली, ह्यांत अभिरुचीचा एक निर्भय क्षण आहे.

तर मग बहुजनांचें मत हेंच प्रमाण मानावें काय? तसें म्हणतां येणार नाहीं. इटलीचा दाखला आड येतो. तेथील सान्रेमोचा गीतमहोत्सव १९५१ चा, म्हणजे युरोव्हिजनहून जुना. किंबहुना युरोव्हिजनची कल्पनाच त्यावरून सुचली. त्याच्या विजेत्यास युरोव्हिजनला जाण्याचा मान देऊं केला जातो, पण महोत्सव त्यासाठीं भरत नाहीं, आणि कित्येकदां विजेता तो मान नाकारतोहि. २०१९ सालीं अंतिम तिघांत दूरध्वनीवरील लोकमत दुसऱ्या एका गायकाकडे होतें. परीक्षक-मंडळ आणि पत्रकार ह्यांच्या मतांनीं महमूद हा मिलानचा, इजिप्शियन पित्याचा पुत्र विजयी झाला. त्यावरून राजकारणापर्यंत वाद पेटला. तेल अवीव येथें त्याचें इटालियन गीत दुसरें आलें. येथें लोकांविरुद्ध जाणत्यांची निवड अधिक धीट ठरली. कारण परक्यांना काय रुचेल ह्याची चिंता त्यांच्यापुढें नव्हतीच. १९५८ सालीं डोमेनिको मोदुन्यो ह्यांचें सान्रेमोंत जिंकलेलें गीत युरोव्हिजनमध्यें तिसरेंच आलें. तरी तें जगभर गाइलें गेलें आणि १९५९ सालीं अमेरिकेंत पहिल्याच ग्रॅमी समारंभांत दोन प्रमुख पारितोषिकें घेऊन बसलें.

ह्यावरून आमचें मत असें आहे कीं, निवड कोण करतो ह्यापेक्षां त्यास काय विचारलें जातें ह्यालाच महत्त्व अधिक. जाणता असो वा बालक, ‘तुला काय आवडलें?’ असें विचारल्यास तो आपल्या संस्कारांतून उत्तर देतो, आणि तें चुकीचें असलें तरी खोटें नसतें. ‘दुसऱ्यांना काय आवडेल?’ असें विचारल्यास मोठा रसज्ञहि व्यापारी होतो. स्वीडनची आजची पद्धति दोन्ही कौल समोरासमोर ठेवते, हा तिचा गुण. पण दोहोंत विरोध आला म्हणजे कोणत्या बाजूस झुकावें हें गणिताच्या बेरजेवर सोडतां येत नाहीं. लहान भाषेच्या राष्ट्रांना तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. इंग्रजींत गाऊन जिंकणारे उद्यांहि अनेक निघतील. वोरोच्या बोलींत गाणारा मात्र त्या बोलीनें स्वतः पाठविल्यावांचून येणार नाहीं. पदकांचा हिशेब ठेवणाऱ्यांनीं चौथें स्थान उणें म्हणून खुशाल लिहावें. रसिकाच्या वहींत तें जमेच्याच बाजूस पडेल.