गिरह आणि उपज : आयत्या वेळच्या प्रतिभेचा अर्थ

संगीत आणि साहित्याच्या चर्चेत ‘उत्स्फूर्त’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. आयत्या वेळी सुचले ते आपोआप उसळून आले, त्यामागे तयारी नव्हती, असा त्याचा अर्थ घेतला जातो. हा अर्थ कितपत टिकतो, हे कव्वालीच्या आधारे तपासता येईल.

हैदराबादमध्ये नामपल्लीच्या दर्गाह यूसुफैनच्या परिसरात अमीर मीनाई (मृत्यू १९००) आणि दाग देहलवी (मृत्यू १९०५) हे उर्दूचे दोन थोर गझलकार चिरविश्रांती घेत आहेत. याच दर्ग्यात कव्वालीही गायिली जाते. कव्वाल मूळ कलाम गाताना मध्येच दुसऱ्या कवीचा, प्रसंगी दुसऱ्या भाषेतला शेर आणतो आणि पुन्हा मूळ मिसऱ्यावर येतो. यालाच ‘गिरह’, म्हणजे गाठ, म्हणतात. हा शेर बहुधा त्या क्षणी रचलेला नसतो. तो पाठ असतो. नवी असते ती त्याची जागा. शेर कितीही सुंदर असला, तरी मिसऱ्याशी अर्थ जुळला नाही तर गाठ बसत नाही.

दुसरी बाब समाच्या अदबीची. एखाद्या ओळीवर श्रोत्याला हाल आला, तर कव्वालाने पुढे न जाता तीच ओळ आळवत राहावे, असा संकेत आहे. म्हणजे पुढचा शेर ओठांवर असूनही तो आवरणे, हाही आयत्या वेळचाच निर्णय होय.

१९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या मराठवाड्याच्या श्रोत्यांना ही रीत परकी वाटू नये. नारदीय कीर्तनकारही निरूपणाच्या ओघात ओव्या, श्लोक, दृष्टान्त गुंफतो आणि मूळ पदाकडे परततो. प्रयोजने भिन्न आहेत. परंतु साठवण, निवड आणि परतणे ही तिन्ही अंगे दोहोंत समान दिसतात.

म्हणून ‘उत्स्फूर्त’पेक्षा गायकांचा ‘उपज’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. शेतातली उपज पेरल्याशिवाय येत नाही आणि पेरले तरी पाऊस लागतोच. इथे पेरणी म्हणजे पाठांतर, पाऊस म्हणजे समोरचा श्रोता.

आज वर्गात कविता पाठ करून घेणे म्हणजे घोकंपट्टी, असे म्हणून ते सोडून दिले जाते आणि त्याच विद्यार्थ्यांकडून ‘स्वतःचे काही’ मागितले जाते. घोकंपट्टीवरचा आक्षेप योग्यच आहे. पण तिचा दोष साठवणीत नसून तो साठा कधी, कोणासमोर वापरायचा हे न शिकवण्यात आहे. ज्याच्याजवळ शेरच नाहीत, तो गिरह कशी बांधणार?