जांभळ्या शाईचे संपादक

शाळेत असताना मी एका हस्तलिखित मासिकाचा संपादक होतो. मासिकाची प्रत एक. ती सहा आठवडे वर्गावर्गांतून फिरली. शेवटचं पान वाचकांच्या अभिप्रायासाठी कोरं सोडलं होतं. अंक परत आला तेव्हा त्या पानावर एकच ओळ होती: 'अक्षर चांगले आहे.' अक्षर माझ्या बहिणीचं होतं. दुसरा अंक निघाला नाही.

ही जुनी जखम उघडी पडली ती भाच्यामुळे. तो असतो अमेरिकेत. मागच्या खेपेला आला तेव्हा त्यानं मला संगणकापुढे बसवलं आणि म्हणाला, "मामा, तुम्हांला वाचायला काही नसलं की तुम्ही घरातल्यांना सल्ले देत सुटता. त्यापेक्षा हे वाचा." 'हे' म्हणजे साधारण १९३० ते १९६० या काळात अमेरिकेतल्या विज्ञानकथावेड्या पोरांनी घरच्या घरी काढलेली मासिकं. मूळ अंक तिथल्या आयोवा आणि रिव्हरसाइडच्या विद्यापीठांनी नीट जपून ठेवलेत. (आमची एकमेव प्रत आईनं कपाटातल्या फळीवर कागद म्हणून अंथरली.)

या सगळ्याला जबाबदार ह्यूगो गर्न्सबॅक नावाचा गृहस्थ. त्यानं १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक काढलं आणि वाचकांची पत्रं त्यांच्या पूर्ण पत्त्यासकट छापायला सुरुवात केली. मंगळावरच्या माणसांबद्दल गावात बोलायला कुणी नाही म्हणून कुढत बसलेल्या पोरांना कळलं, की आपल्यासारखा आणखी एक वेडा पलीकडच्या राज्यात आहे. मग ती एकमेकांना पत्रं लिहायला लागली. पत्रांचे क्लब झाले, आणि क्लब झाला की मुखपत्र आलंच. १९३० च्या मे महिन्यात शिकागोत 'द कॉमेट' निघालं. अशा मासिकाला 'फॅनझिन' हा शब्द मिळायला मात्र १९४० साल उजाडलं.

छपाई म्हणजे दिव्यच होतं. सर्वांत स्वस्त तऱ्हा जिलेटिनची. ताटात जिलेटिनचा थर, दिसायला खरवसासारखा. त्यावर खास जांभळ्या शाईनं लिहिलेला कागद उपडा दाबायचा, शाई खाली उतरली की कोरे कागद एकेक करून त्यावर ठेवून उचलायचे. पन्नासेक प्रती निघत, आणि प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीपेक्षा फिकी. शेवटच्या वर्गणीदाराला बहुधा कल्पनाशक्तीवरच भागवावं लागत असेल. ज्यांची ऐपत थोडी बरी त्यांच्याकडे सायक्लोस्टाइल. त्यातला स्टेन्सिलवर टंकलेखन, चूक झाली की लुकण लावणं आणि शेवटी कोपरापर्यंत काळे हात हा भाग आपल्या कचेऱ्यांत नोकरी केलेल्यांना समजावून सांगायला नको.

आता आतला मजकूर. इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. यातल्या कथा वाईट आहेत. बहुतेक कथांत एक शास्त्रज्ञ आहे, त्यानं एक यंत्र केलं आहे आणि ते यंत्र बिघडण्याआधी लेखकाचं इंग्रजी बिघडलं आहे. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या पोरांच्या 'सायन्स फिक्शन'मध्ये जानेवारी १९३३ ला 'सुपरमॅन'ची एक गोष्ट आली. त्यातला सुपरमॅन चक्क खलनायक! कफल्लक माणसाला मनःशक्ती मिळते आणि तो जग ताब्यात घ्यायला निघतो. गोष्ट सुमारच. पण त्याच दोघांनी नायक करून १९३८ साली कॉमिकमध्ये आणलेला सुपरमॅन सगळ्या जगानं पाहिला. रे ब्रॅडबरीनं १९३९ मध्ये लॉस एंजेलिसमधून 'फ्युचुरिया फँटॅसिया' काढलं, पैसे मित्राचे. मजकूर कमी पडला की टोपणनाव घेऊन स्वतःच लिहायचं. चार अंकांत संपलं. या अंकांतून मोठा लेखक ओळखता येतो असं कुणी म्हणालं तर तो निकाल हातात ठेवून पेपर तपासतोय असं समजावं.

पण टीका! टीका करताना ही पोरं एकदम शुद्धीवर येतात. 'स्पेस ऑपेरा' हा आज अभ्यासकांच्या तोंडी असलेला शब्द विल्सन टकरनं १९४१ साली आपल्या 'ल झोंबी' या घरगुती मासिकात वापरला, तो शिवी म्हणून. रटाळ, चघळून चोथा झालेल्या अंतराळकथांसाठी. टकर पोटासाठी सिनेमाच्या थेटरात यंत्र चालवीत असे, त्यामुळे रटाळपणाचा त्याचा अभ्यास दांडगा असावा. १९४५ मध्ये विशीतल्या डेमन नाइटनं एका फॅनझिनमध्ये व्हॅन व्होग्ट या त्या वेळच्या मातब्बर लेखकाच्या कादंबरीची अशी चिरफाड केली, की पुढे आवृत्ती सुधारताना लेखकाला तिची दखल घ्यावी लागली. छापील मासिकांत जाहिराती होत्या, संपादकाचे लागेबांधे होते. खरं बोलायला जिलेटिनचं ताट बरं.

आणि भांडणं? आपल्या नाट्यमंडळांना लाज वाटावी अशी. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिलं 'जागतिक' संमेलन भरलं. जग आलं सुमारे दोनशे. त्यातल्या सहाजणांना दारातच अडवलं, कारण ही मंडळी आत जाऊन राजकीय पत्रकं वाटतील अशी संयोजकांना भीती! त्या सहांत फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लुथ होते, पुढे नामवंत झाले. आयझॅक असिमॉव्ह त्यांच्याच गटातला, पण तो आत जाऊन बसला.

उद्याच्या जगाच्या गप्पा मारणाऱ्यांचं आजच्या जगाकडे किती लक्ष होतं, हा मला पडलेला खरा प्रश्न आहे. सव्हॅना गावच्या ली हॉफमननं १९५० साली 'क्वांड्री' सुरू केलं. अंक इतका खुसखुशीत, की सगळ्यांनी गृहीत धरलं संपादक पुरुष आहे. १९५१ च्या न्यू ऑर्लिन्सच्या संमेलनात समोर एक तरुण मुलगी उभी! मंगळावरच्या हिरव्या माणसावर सहज विश्वास ठेवणारी ही मंडळी, मुलगी संपादक आहे म्हटल्यावर चकित झाली. याहून बोचणारी गोष्ट कार्ल ब्रँडनची. हा काळा लेखक, त्याची विडंबनं लोकांना फार आवडत. पण तो अस्तित्वातच नव्हता. टेरी कार आणि त्याच्या कॅलिफोर्नियातल्या मित्रांनी तो रचला होता. त्या वर्तुळात काळे लोक इतके थोडे, की एक कल्पनेतून आणावा लागला. यावर हसताना मी मध्येच थांबलो.

या मासिकांचं चलन पैसा नव्हतंच. तुम्ही पत्र लिहा, लेख पाठवा किंवा स्वतःचं मासिक पाठवा, अंक येत राहील. कौतुकानं अहंकाराला जी गुदगुली होते तिला यांनी 'इगोबू' असा शब्दच पाडला. दुसरा शब्द 'गाफिया', म्हणजे सगळ्यापासून दूर पळणं. आधी अर्थ होता, रोजच्या जगातून पळून या छंदात शिरणं. पुढे नेमका उलटा झाला: छंद सोडून रोजच्या जगात पळणं. लग्न, नोकरी, मुलंबाळं. बहुतेकजण असेच पळाले.

हॅरी वॉर्नर पळाला नाही. मेरीलँडमधल्या हेगर्सटाउन या गावात तो वर्तमानपत्राची नोकरी करी, गाव फारसं सोडत नसे. हाती आलेल्या जवळजवळ प्रत्येक फॅनझिनला तो सविस्तर पत्र लिही. कुठल्याशा पोराच्या, पुसट, चुकांनी भरलेल्या पहिल्या अंकालाही. स्वतःचं 'होरायझन्स' त्यानं १९३९ मध्ये सुरू केलं ते २००३ साली मरेपर्यंत चालवलं. या सगळ्या साहित्यात मला ही पत्रं वरची वाटतात. आमच्या वर्गात एक हॅरी वॉर्नर असता तर? बहिणीच्या अक्षराखेरीज कुणाला तरी काहीतरी दिसलं असतं.

परवा वाचता वाचता एका जुन्या अंकाच्या मागच्या पानावर आलो. तिथे छापलं होतं, की इथे फुली असेल तर पत्र लिहा, नाहीतर हा तुमचा शेवटचा अंक. पुढे पेनानं ठसठशीत फुली. सत्तर वर्षांपूर्वीची, पण मला ती माझ्यासाठीच वाटली. मी उठून पॅड शोधलं.

"आत्ता? रात्री अकराला कुणाला पत्र लिहिताय?" सौ.नं विचारलं.

"एका संपादकाला."

"तो उत्तर देणार आहे का?"

मी काही बोललो नाही. 'आपला अंक मिळाला' एवढं लिहून झालं होतं, आणि आतल्या पानांबद्दल बरंच लिहायचं होतं.