हत्तींच्या तक्त्यातील बाण

उत्क्रांती शिकवताना वापरला जाणारा हत्तींचा तक्ता आम्ही येवल्यातही भिंतीवर पाहिला. डावीकडे लहानखुरा मोरिथेरियम, मध्ये मॅमथ, उजवीकडे आजचा हत्ती आणि त्यांना जोडणारे बाण. चित्रे सुबक आहेत. आमचा आक्षेप आहे तो बाणांना. आधी होऊन गेलेला प्राणी नंतरच्याचा पूर्वज असतोच असे नाही. मॅमथ हा आशियाई हत्तीचा पूर्वज नव्हे, चुलतभाऊ आहे.

या तक्त्यात नसलेला एक हत्ती येवल्याच्या शेजारचाच आहे. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात मिळालेल्या त्याच्या जीवाश्मांची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केली. आज त्याला पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस म्हणतात. कवटी व दाढा पाहून तो आणि त्याचा युरोपातील सरळसुळ्या भाईबंद यांना अनेक वर्षे आशियाई हत्तीच्या गोतात बसवले जात होते.

या नात्याची परीक्षा २०१७ मध्ये झाली. जर्मनीत सापडलेल्या सरळसुळ्या हत्तीच्या १ लाख वर्षांहून जुन्या हाडांतून डीएनए मिळवून तो हयात हत्तींशी ताडून पाहिला. निकाल अनपेक्षित होता : तो आशियाई हत्तीपेक्षा आफ्रिकेच्या जंगली हत्तीला जवळचा निघाला. २०१८ मध्ये अधिक तपशिलाने पाहता त्याच्यात जंगली हत्ती व मॅमथ यांच्याशी झालेल्या संकराच्याही खुणा दिसल्या. म्हणजे सरळ रांग तर नाहीच. फांद्याही कुठे कुठे एकमेकींत मिसळलेल्या.

मग हाडांचा पुरावा कुचकामी का? मुळीच नाही. उष्ण प्रदेशात डीएनए लवकर नष्ट होतो. तेथे हाडे व दातच बोलतात. जर्मनीतील निकाल गोदावरीच्या हत्तीला लागू करतानाही दोघांच्या सांगाड्यांतील साम्याचाच आधार घ्यावा लागतो. मात्र वरवरचे साम्य पुरेसे नाही. एकाच पूर्वजाकडून आलेले साम्य कोणते आणि सारख्या राहणीमुळे स्वतंत्रपणे आलेले कोणते, हे वेगळे करावे लागते.

तक्ता काढून टाकण्याची गरज नाही. शिक्षकांनी त्यावरील बाण खोडून विद्यार्थ्यांकडून फांद्या काढून घ्याव्यात. डीएनएने तपासलेले नाते सलग रेघेने, केवळ सांगाड्यावरून मानलेले तुटक रेघेने. प्रत्येक रेघेपाशी एक प्रश्न विचारावा : कोणता पुरावा मिळाला तर ही रेघ पुसावी लागेल?