काढत काढत झालेला डवरा

सायकलला काय काय जोडता येईल, याची यादी संपत नाही. दूधवाला कॅन अडकवायला दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या करून घेतो, धार लावणारा कॅरिअरवर सहाणेचे चाक बसवून तेच पायडल त्याला जोडतो, पोरे हँडलच्या मुठींना झिरमिळ्या लावतात. ज्यांना परवडते ते गिअर आणि डिस्क ब्रेक लावतात. सुधारणा म्हणजे भर घालणे, हा सरळ हिशेब. वर्ध्याला चिकटून असलेल्या नालवाडीच्या शिवारात आणि आजूबाजूच्या गावांत चालणारा, तण काढायचा सायकल-डवरा मात्र वजाबाकी करत करत तयार झाला आहे. यंत्र म्हणून तो शेतकऱ्यांच्या उपयोगाचा आहेच. मला तो रचना म्हणून बारकाईने पाहण्याजोगा वाटतो.

जुन्या काळ्या सायकलीतून काय गेले ते आधी पाहू. सीट गेली, पायडल, चेन, फ्रीव्हील गेले, ब्रेकच्या सळया आणि कॅरिअर गेले, मागचे चाकही गेले. जिच्यावर माणूस बसायचा ती सगळी सायकल भंगारात. राहिले पुढचे चाक, चिमटा आणि हँडल. मूळ सायकलीत चिमटा जवळपास उभा असतो आणि वरचा भार चाकावर आणतो. इथे तो मागे निजवला आहे. त्याला पाइपाचा तुकडा जोडून हँडल माणसाच्या पोटाच्या उंचीला आणले आहे, आणि चाकाच्या पाठीशी दोन पट्ट्यांना नटबोल्टने पास लावली आहे. पास म्हणजे वखराला किंवा बैलांच्या डवऱ्याला असते तीच आडवी पोलादी पट्टी, फक्त आखूड. माणूस मागून ढकलतो, चाक पुढे लोळते, पास मातीच्या बोटभर खालून सरकते आणि तणाची मुळे कापत जाते. बस.

पुढचेच चाक का ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडच्या काळ्या सायकलीत पुढच्या चाकाला 32 तारा असतात आणि मागच्या चाकाला 40, कारण स्वार, पिशव्या आणि मागे बसलेली बायकोपोरे यांचा बहुतेक भार मागच्या चाकावर येतो. डवऱ्यात चाकावर कोणी बसत नाही. म्हणून कमी तारांचे, फ्रीव्हीलची कटकट नसलेले, हलके चाक निवडले गेले. ही निवड कागदावर आकडेमोड करून झालेली नसेल, तरी ती अचूक आहे. चाक मोठे असण्यालाही कारण आहे. 28 इंची चाक ढेकळावर चढून उतरते, लहान चाक ढेकळाला अडून बसते. पहिल्या डवरणीच्या वेळी काळ्या जमिनीवर हा फरक मनगटाला लगेच कळतो.

मात्र या रचनेतली खरी गंमत पास कुठे बसवली आहे यात आहे. मी पाहिलेल्या एका डवऱ्यात चाकाच्या आसापासून पास साधारण 16 इंच मागे होती आणि मूठ 48 इंच. आस हा टेकू धरला, तर हात तीन इंच खाली गेला की पास एक इंच खाली जाते. म्हणजे हाताची ढोबळ हालचाल मातीत पोचेपर्यंत बारीक होते. लव्हाळ्याचा किंवा हरळीचा पुंजका दिसला की माणूस मूठ किंचित दाबतो, कपाशीच्या मुळ्या जवळ आल्या की उचलतो. खोली ठरवणारा स्क्रू नाही, दट्ट्या नाही. ते काम मनगटाकडे दिले आहे. पास याहून मागे, माणसाच्या जवळ नेली तर ती खोल घुसते आणि ढकलणाऱ्याचा दम काढते. पुढे आणावी तर चाक आडवे येते. चाकाच्या मागच्या कडेला लागून जेमतेम दोन बोटे, एवढीच तिला जागा आहे, आणि ती तिथेच बसली आहे.

त्याच डवऱ्याच्या टायरमध्ये हवा नव्हती. बाभळीच्या काट्यांपुढे ट्यूबचा टिकाव लागत नाही, म्हणून जुन्या टायरच्या कडा कापून तो नव्या टायरच्या आत भरला होता. मडगार्ड काढले होते, कारण काळी माती त्यात गच्च बसून चाकच अडवते. त्याच मडगार्डचा वीतभर तुकडा मात्र चाकाला घासेल न घासेल अशा बेताने बांधला होता, टायरला चिकटलेली लपट खरवडायला. हँडलवरची घंटी तशीच होती. तिचे तिथे काही काम नाही, आणि तेवढीच एक गोष्ट निव्वळ हौसेची.

“आणखी काय बसवाल याच्यावर?” असे मी डवरा ढकलणाऱ्याला विचारले, तेव्हा उत्तर आले, “बसवाचं काई नाई जी, काहाडाचंच हाये.”

या रचनेला एकच एक कर्ता नाही, पण एक नाव घ्यायलाच हवे. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे छोटे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचे हँडल, चिमटा आणि चाक घेऊन असेच अवजार बनवले आणि त्याला ‘कृषिराजा’ म्हटले. ओझ्याने लादलेली सायकल ढकलत नेणारा माणूस पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी हकिगत सांगतात. एवढे वजन चाकावर ढकलता येते, तर तेच बळ मातीत का वापरू नये, असा विचार. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांची दखल घेतली. आता गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत याचे पाठभेद सापडतात. कुठे दोन चाके, कुठे पासेऐवजी तीन दाते, कुठे सायकलचे चाक सोडून नवीच लोखंडी कडी. खानदेशात आणि पश्चिमेकडे याला सायकल-कोळपे म्हणतात. निव्वळ चाकाचे हात-कोळपे तसे जुनेच. अमेरिकेत ‘प्लॅनेट ज्युनिअर’ नावाने ते एकोणिसाव्या शतकातच विकले जात होते. इथल्या डवऱ्याचे वेगळेपण असे, की तो कारखान्याऐवजी घराच्या आडोशाला गंजत पडलेल्या सायकलीतून निघाला.

सायकल आणि नांगर यांचे नाते मराठी मुलखात आधीही जुळले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा धंदा 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानाने सुरू झाला आणि तिथून पुढे कडबा कापायच्या यंत्राकडे आणि 1903 मध्ये लोखंडी नांगराकडे गेला. सायकल विकणारा नांगर घडवू लागला. शेंदुर्णीत मधला कारखाना गळाला, सायकलचेच अवजार झाले.

नालवाडीत उभे राहून हे पाहताना एक जुनी कसोटी आठवते. 1929 मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा हलका आणि खेड्यातल्या घरात हातापायाने चालणारा हवा, आठ तासांत 16,000 वार सूत निघावे, किंमत 150 रुपयांच्या आत असावी, वेळच्या वेळी दुरुस्ती केली तर तो वीस वर्षे चालावा, अशा अटी होत्या. किर्लोस्करवाडीतही प्रयत्न झाले. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. सूत, किंमत आणि वर्षे यांचे आकडे सोडले तर बाकीच्या अटी सायकल-डवरा सहज पार करतो: हलका, एका पान्यावर उघडणारा, तार तुटली तर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे दुरुस्त होणारा. त्यासाठी कोणी बक्षीस लावले नव्हते.

याच नालवाडीत विनोबा तीसच्या दशकात येऊन राहिले, निव्वळ कताईच्या मजुरीवर जगता येते का ते त्यांनी स्वतःवर करून पाहिले. 1934 मध्ये ग्रामसेवा मंडळ इथेच निघाले. पुढे पवनारला 1950 च्या सुमारास त्यांनी ऋषिशेतीचा प्रयोग केला: बैल वापरायचा नाही, विहिरीचा रहाटसुद्धा माणसांनीच फिरवायचा. तिथे बैल विचारपूर्वक सोडला होता. आज डवरा ढकलणाऱ्याच्या दावणीत बैल नाही तो परवडत नाही म्हणून. चारा महाग, सालदार मिळत नाही, आणि दोन-चार एकरांसाठी जोडी वर्षभर पोसणे झेपत नाही. दोन्हीकडे माणूसच बैलाच्या जागी आला आहे, पण या दोन गोष्टींना एकाच माळेत ओवू नये. या यंत्राचे कौतुक करताना अंगातून निघणारा घाम विसरला की रसग्रहणाचे भाबडे स्तोत्र होते.

उणिवाही आहेत. वाफसा नसेल तर हा डवरा निकामी. ओल जास्त असली की पास मातीचा गोळा ओढत नेते आणि सुकून भेगा पडल्या की वरवर घसरते. सोयाबीनच्या दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर असले तरी ओळीतल्या दोन झाडांमधले तण पासेच्या हाती लागत नाही. ते निंदायला बायांनाच खुरपे घेऊन बसावे लागते. पुरुष उभ्याने डवरतो, बाई वाकून निंदते, ही वाटणी या सुधारणेने बदललेली नाही. बाजारात आता बॅटरीवर चालणारेही डवरे आले आहेत. त्यांचे वजन ओल्या काळ्या मातीत रुतते, आणि दुरुस्तीला तालुक्याच्या गावी न्यावे लागते. मला तरी ती सुधारणा मूळ कल्पना विसरलेली वाटते.

मला स्वतःला एकच बदल सुचवावासा वाटतो. मूठ एकाच उंचीवर वेल्ड केलेली असते, आणि ती उंची साडेपाच फुटी पुरुषाची. घरातली बाई तोच डवरा ढकलायला घेते तेव्हा कोपर खांद्याकडे जाते, जोर पासेऐवजी हवेत जातो. वेल्डिंग काढून पाइपात दोन-दोन इंचांवर तीन भोके पाडावीत आणि एक बोल्ट घालावा. ड्रिल मशीन असलेल्या दुकानात हे दहा मिनिटांचे काम आहे.