एका पोलादी टोपाचा कालनिर्णय

एका संग्राहकांनीं आम्हांस जर्मन सैन्याचा एक पोलादी टोप दाखविला. आंतील पट्टीवर १९३८ चा शिक्का असल्यामुळें टोपही त्याच वर्षाचा, असें त्यांचें मत आहे. तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. पट्टी तीन खिळ्यांनीं अडकविलेली असते व एका टोपांतून दुसऱ्यांत घालतां येते. शिक्का पट्टीचा काल सांगतो, टोपाचा नव्हे. टोपाची साक्ष त्याच्या घडणींत शोधावी. १९३५ च्या नमुन्यांत वायुछिद्रांस निराळ्या कड्या ठोकीत. १९४० पासून छिद्राचा कंगोरा पत्र्यांतच उठवूं लागले. १९४२ त कांठ आंत दुमडणें बंद झालें. प्रस्तुत टोपाचा कांठ दुमडलेला नाहीं. सबब तो १९४२ पूर्वींचा नव्हे.

आजोबांनीं तो १९४४ त इटलींतून आणला, ही त्यांच्या घरची परंपरा आहे. मराठा पलटणी त्या वर्षीं तेथें लढत होत्या. घडणही या परंपरेस बाधक नाहीं. परंतु हा संभव झाला, सिद्धि नव्हे. नव्या पुठ्ठ्यावरून जुन्या बाडाचा काल कोणी ठरवीत नाहीं; येथें प्रकार उलट, एवढेंच. संग्राहकांनीं टोपाचा व पट्टीचा काल निरनिराळा नोंदवावा, ही आमची सूचना आहे.