चारशे तीस मैलांचं पुण्य

ट्रेक ही सायकली बनवणारी मोठी अमेरिकी कंपनी. २०२१ मध्ये तिने एक शाश्वतता अहवाल काढला आणि त्यातला एक हिशेब सायकलवाल्यांच्या जगात बराच फिरला. कंपनीची एक सायकल तयार होताना सरासरी १७४ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेवर पडतो. पण एरवी तुम्ही मोटारीने गेला असतात असं ४३० मैलांचं अंतर त्या सायकलने कापलंत, की तो भार फिटतो. ४३० मैल म्हणजे साधारण ६९२ किलोमीटर. तेवढे चालवा आणि मोकळे व्हा.

आकडे जाहीर केल्याचं श्रेय कंपनीला द्यायला हवं. जंगलाचा फोटो छापून खाली निसर्गप्रेमाची ओळ टाकणाऱ्या कॅटलॉगांपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. पण कुठलाही मजकूर कोणाला तरी समोर धरून लिहिलेला असतो. हा कोणासाठी लिहिलाय? १७४ ला ६९२ ने भागा. किलोमीटरला पाव किलो येतं. एवढा धूर सरासरी अमेरिकी मोटार सोडते. म्हणजे या अहवालाचा वाचक मोटारवाला आहे. तो सायकलवर बसतो, मोटार घरी राहते आणि घरी राहिलेल्या मोटारीचं पुण्य सायकलच्या खात्यात जमा होतं.

हाच हिशेब मी बुलढाण्यात बसून मांडतो तेव्हा तो पार बदलतो. इथे सायकल घेणाऱ्याच्या दारात बहुतेक वेळा मोटार नसते, शंभर सीसीची मोटरसायकल असते. ती लिटरला साठ किलोमीटर देते असं धरू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे किलोमीटरला चाळीस ग्रॅमच्याही आत. आता १७४ किलो फेडायला ६९२ नाही, साडेचार हजार किलोमीटर लागतात. रोज दहा किलोमीटर चालवली, एकही दिवस चुकवला नाही, तरी सव्वा वर्ष. त्यात आमचा मे महिना आणि राजूर घाट आलाच.

आणि जिच्याकडे मोटरसायकलही नाही तिचं काय? मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल, लांब असेल तर एसटीची निळी बस. आमचा जिल्हाही या कार्यक्रमात आहे. यातली मुलगी आधी पायी जात होती. तिची सायकल कुठल्याच मोटारीच्या बदल्यात येत नाही, म्हणून अहवालाच्या सूत्रात तिच्या खात्यावर शून्य. ती दहा वर्षं चालवली तरी शून्यच. पुण्य मिळवायचं तर आधी पाप करायची ऐपत हवी, असं हे गणित आहे.

आता माउंटन बाइककडे येऊ. आमच्याकडे जाड टायरच्या सायकलला अजून 'रेंजर' म्हणतात. खरी डोंगरावर चालवायची सायकल हा वेगळा मामला. तिचा उपयोग कामाला जाण्यासाठी नसतो, कामापासून लांब जाण्यासाठी असतो. ट्रेकच्याच अहवालात 'मार्लिन' या अॅल्युमिनियमच्या, फक्त पुढे शॉक असलेल्या सायकलचा भार ११६ किलो दिलाय. सरासरीपेक्षा बराच कमी. म्हणजे सायकल तशी सज्जन. प्रश्न तिला डोंगरापर्यंत नेतं कोण, हा आहे.

समजा, छत्रपती संभाजीनगरहून कोणी शनिवारी सायकल गाडीच्या टपावर बांधून लोणारला आलं. जाऊन-येऊन सुमारे ३०० किलोमीटर. डिझेलची एसयूव्ही लिटरला तेरा किलोमीटर देते असं धरलं, तर एका फेरीत साठ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. अशा दोन फेऱ्या झाल्या की एक नवी मार्लिन बनवण्याएवढा धूर झाला. एकाच गाडीत तिघं आले तर तो तिघांत वाटला जाईल, हे मान्य. तरी सायकल कशापासून बनलीय यावर आपण जेवढी चर्चा करतो, तेवढी ती कशावर बसून येते यावर करत नाही. जाहिरातीतल्या फोटोत कड्यावर एकटा सायकलस्वार दिसतो. गाडी चौकटीच्या बाहेर उभी असते. आणि आमच्या जिल्ह्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गावर मोटरसायकललाही परवानगी नाही, सायकल तर लांबच. तिथून सायकल जाते ती सामान म्हणूनच.

फोटोतला डोंगर रिकामाही असतो. आमचे डोंगर तसे नाहीत. बुलढाणा आणि खामगावच्या मधलं ज्ञानगंगा अभयारण्य २०५ चौरस किलोमीटरचं. टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये फिरत फिरत तिथे पोचला होता. त्याची एकूण भटकंती तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली. लोणारचं सरोवर २०२० पासून रामसर पाणथळ आहे. आणि अभयारण्याबाहेरच्या टेकड्यांवर ज्या पायवाटा आहेत त्या गुरांनी, गुराख्यांनी, सरपणाला जाणाऱ्या बायांनी पाडलेल्या. कॅटलॉग ज्याला 'ट्रेल' म्हणतं ती कोणाची तरी रोजची वाट असते. जाड टायरने पावसाळ्यात तिच्यावर चर पाडला तर पाणी त्याच चरातून माती घेऊन खाली येतं. हा खर्च १७४ किलोंत मोजलेला नाही.

सायकलचं शरीरही डोंगरातूनच येतं. अॅल्युमिनियम बॉक्साइटपासून बनतं आणि बॉक्साइटच्या खाणी कोल्हापूर जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या माथ्यावरही आहेत. नवं अॅल्युमिनियम बनवायला किलोमागे चौदा-पंधरा युनिट वीज लागते. भंगारातलं वितळवायला त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते. म्हणजे इथे सुटकेची वाट आहे. कार्बन फायबरला तीही धड नाही. त्यातलं रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. मोडलेल्या फ्रेमचं काय करायचं, याचं उत्तर बुलढाण्याच्या भंगारवाल्याकडे नाही. त्याच्या तराजूत लोखंडाला भाव आहे, अॅल्युमिनियमला त्याहून चांगला आहे, कार्बन फायबरला काहीच नाही.

पण माझा मुख्य आक्षेप धातूवर नाही, सुट्या भागांवर आहे. साध्या काळ्या सायकलला अठ्ठावीस इंची टायर लागतो आणि तो कित्येक दशकं तसाच मिळत आलाय. माउंटन बाइकचं चाक आधी सव्वीस इंची होतं. मग साडेसत्तावीस आणि एकोणतीस आले आणि महागड्या मॉडेलांतून सव्वीस गायब झालं. मागच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटर होती, मग १४२ झाली, मग १४८. प्रत्येक बदलामागे तांत्रिक कारण होतं, ते खोटंही नव्हतं. चाक ताठ झालं, सायकल खडकांवरून सहज जाऊ लागली. पण दर बदलाबरोबर धडधाकट फ्रेमला नवं चाक बसेनासं झालं. वस्तू मोडली नाही, एकटी पडली. सहा मिलिमीटरसाठी अख्खी सायकल जुनी ठरते, तेव्हा खोक्याचा पुठ्ठा पुनर्वापर केलेला आहे हे सांगून काय उपयोग?

याच्या समोर आमच्याकडचं पंक्चरचं दुकान ठेवा. बाभळीचा काटा आणि सराटा हे इथल्या सायकलचे दोन वैरी. सराटा तर आता अमेरिकेतही पोचलाय आणि तिथल्या सायकलवाल्यांनाही छळतो. त्यावर नवा उपाय म्हणजे ट्यूबलेस टायर आणि आतलं चिकट सीलंट, जे काही महिन्यांनी सुकतं आणि पुन्हा विकत घ्यावं लागतं. आमचा उपाय म्हणजे पाण्याचं टोपलं, कानस, सोल्युशन आणि जुन्याच ट्यूबचा कापलेला तुकडा. तो दुकानदार चाकाचा आउट काढतो, छर्रे बदलतो, वाकलेला चिमटा सरळ करतो. लोखंडी फ्रेम तुटली तर शेजारचा वेल्डर जोडून देतो. शाश्वत हा शब्द त्या दुकानात कोणी उच्चारत नाही, पण तिथे वस्तूचं आयुष्य वाढतं.

याचा अर्थ काळी सायकल थोर आणि गिअरवाली वाईट, असा नाही. काळी सायकल जड आहे, चढावर जीव काढते. ती टिकली यात निवड कमी आणि नाइलाज जास्त होता. ऐपत आली की लोकांनी तिला गोठ्यात टाकून मोटरसायकल घेतली, हेही आपण पाहिलंय. चढ सोपा करणारी हलकी सायकल बुलढाण्यासारख्या घाटावरच्या गावाला तर हवीच. फक्त तिचा भाग तालुक्याच्या गावी मिळायला हवा. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' ठरवायला समिती नेमली. तिच्यापुढे चार क्षेत्रं ठेवली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. सायकलचं वेगळं नाव त्यात नाही. जिची दुरुस्ती रस्त्याकडेला बसून होत आली, तिलाही कधी या हक्काची गरज पडेल असं बहुधा कोणाला वाटलं नसावं.

तर माउंटन बाइक पर्यावरणपूरक असू शकते का? असू शकते, पण दुकानातून बाहेर पडताना ती तशी नसते. पुढे ती कशी वापरली जाते त्यावर ते ठरतं. म्हणून घ्यायच्या आधी वजन आणि गिअर मोजण्यापेक्षा वेगळ्या गोष्टी विचारा. हिच्यामुळे माझे कोणते पेट्रोलचे किलोमीटर वाचणार? हिची चेन, ब्रेक पॅड, टायर माझ्या गावापासून एसटीच्या एका तिकिटावर मिळतात का? आणि मी ही मोडेपर्यंत वापरणार, की पुढचं मॉडेल येईपर्यंत? तिन्ही उत्तरं धड आली तर सेकंडहँड मिळते का ते आधी बघा, नाहीतर नवी घ्या. घरापासून चालवत डोंगरावर जा. तिचा आनंदही घ्या, प्रत्येक आनंदाची पावती कार्बनमध्ये फाडायची गरज नाही.

एवढं मात्र लक्षात असू द्या. पुण्याचा हिशेब वस्तू विकणाराच लिहून देतो, तेव्हा तो आपली मोटार मोजतो आणि पाच किलोमीटर शाळेला जाणाऱ्या मुलीला सोडून देतो. सायकल तिच्याही हिशेबात बसली पाहिजे.